रेषा न आखलेला सामना

मित्रांनो, मी एक जुनी चुन्याची गाडी आहे. मैदानावर पांढऱ्या रेषा आखायच्या असल्या की मला ढकलतात. एका वेल्डरने पत्र्याची पेटी, चार चाकं आणि एक दांडा जोडून मला बनवलं. पेटीच्या बुडाला फट आहे. मी चालले की तिच्यातून चुना पडतो आणि मागे रेष उमटते.

एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या मैदानावर मी एकोणीस वर्षं राबले. मला ढकलणाऱ्या माणसाला सगळे रेषाकाका म्हणत. दोरी ताणून, एक डोळा मिटून ते अशी रेष मारत की पंचही वाकून बघत. "लोकांना चुना लावणारे पुष्कळ, मैदानाला लावणारे आपण दोघंच," असं ते मला म्हणत.

एका गुरुवारी दुपारी काका घरी निघाले. पोलिसांनी त्यांना रस्त्यात अडवलं. त्यांच्या नखांत पांढरी पूड होती आणि खिशात तिचीच पुडी. रेष कुठे तुटली तर सांधायला ती ते जवळ ठेवत. पोलिसांना ते अमली पदार्थ वाटले. "साहेब, चुना आहे हो," काका सांगत राहिले. चौकीत नेऊन त्यांना मारलं. शनिवारी सकाळी ते इस्पितळात वारले. त्यांचा डबा न्यायला आलेल्या त्यांच्या मुलीने हे भांडारखोलीत सांगितलं, तेव्हा खेळाडू बुटांच्या नाड्या हातात धरून तसेच बसून राहिले.

रविवारी सामना होता. आठवडाभरात जुन्या रेषा पुसल्या होत्या. "आधी सामना होऊ द्या, शोकसभा नंतर घेऊ," असं म्हणत व्यवस्थापक मला बाहेर काढायला आले. गोलरक्षकाने माझा दांडा धरला.

"आज ही गाडी चालणार नाही."

"अरे, तुझे वडील पोलिसात आहेत. त्यांना काय सांगशील?"

"सांगून आलोय. ते माझ्याशी बोलत नाहीयेत."

अकरा जण कोऱ्या गवतावर जाऊन बसले. समोरच्या संघातले चौघं त्यांच्याशेजारी बसले, बाकीचे आत निघून गेले. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या, बाटल्या आल्या. काही लोक मात्र उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते. सामना रद्द झाला. संघाचे तीन गुण कापले गेले आणि त्या तीन गुणांपायी संघ खालच्या गटात घसरला.

पुढे चौकशी बसली. तीन पोलीस निलंबित झाले. खटला अजून चालू आहे. पहिल्या तारखेला गोलरक्षकाचे वडील साध्या कपड्यांत कोर्टात आले आणि काकांच्या मुलीच्या मागच्या बाकावर बसले. ते पुढच्या तारखेलाही आले.

आता रंग फवारणारं नवं यंत्र आलं आहे. मी कोपऱ्यात गंजते आहे. त्याचं मला फारसं काही नाही; पत्रा गंजायचाच. तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमची शाळा झाडणारा, तुमचं दार राखणारा, तुमचं मैदान आखणारा माणूस एक दिवस आला नाही, तर त्याच्या जागी दुसरा बोलावण्याआधी विचारा, तो कुठे आहे? काका गुरुवारी घरी पोचले नव्हते. शुक्रवारी मैदानावर कोणीच विचारलं नाही.