तेलाच्या डब्यातला कढीपत्ता

नेरूळला रो-हाऊस मिळालं तेव्हा सामानाच्या टेम्पोत सर्वांत पुढची जागा कढीपत्त्याला मिळाली. मी मागे कपाटाला टेकून उभा होतो.

हा कढीपत्ता अरुणाला लग्नात तिच्या वडिलांनी गुहागरहून दिलेला. चौदा वर्षं तो परळच्या आमच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात जगला. दरम्यान वडील गेले, गुहागरचं घर विकलं गेलं, डबा राहिला. शेजारणी मागायला आल्या की अरुणा चार पानं द्यायची. पाचवं पान चौदा वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

आता डब्याला तळाशी भोकं पडली होती आणि घरामागे पंधरा बाय बारा फुटांची जमीन होती. शनिवारी बँकेचा अर्धा दिवस भरून मी घरी आलो आणि कुदळ घेतली. बागकामाच्या पुस्तकात तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असं स्पष्ट लिहिलं होतं. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस लिहिलेल्या गोष्टीशी वाद घालत नाही.

फूटभर मुरूम संपल्यावर खाली काळी, चिकट माती लागली. कुंपणापलीकडून शेजारी नंदकिशोर सबनीस बघत होते. ते मूळचे सांगलीचे, त्यामुळे जमीन या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा.

"खांबेटे, लॉटरी लागली तुम्हाला! एक नंबर काळी. आमच्याकडे हिच्यात ऊस होतो."

"शिंपले निघतायत हो."

"मग चांगलंच की. कॅल्शियम!"

रविवारी सकाळी खड्ड्यात मांडीभर पाणी होतं.

आमच्या सेक्टरला नळाचं पाणी तासभर यायचं. त्यामुळे ही बातमी चहाच्या आधी पसरली. सबनीस बादली घेऊनच आले. विहीर बांधावी की हातपंप बसवावा यावर पाचसहा जणांची चर्चा झाली. मीही खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, जणू पाणी मीच आणलं होतं. नऊच्या सुमाराला पाणी वीतभर खाली गेलं. सबनीस म्हणाले, "ऊन लागलं ना."

तोवर अरुणाने छिन्नीने डबा कापून झाड बाहेर काढलं होतं. मुळं डब्याच्याच चौकोनी आकाराची झाली होती. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून, झाड मांडीवर घेऊन अरुणा पायरीवर बसली. "अहो, आज लागायलाच हवं हं हे," ती म्हणाली. "परत ठेवायला डबा नाही आता."

तेवढ्यात मागच्या बाजूने शेजारच्या शिरवणे गावातल्या मुक्ताबाई शेळ्या घेऊन चालल्या होत्या. गर्दी बघून थांबल्या, वाकल्या, खड्ड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"खारं हाय."

आमच्यातल्या एकानेही ते चाखलं नव्हतं.

"भरतीचं पानी हाय. काल पुनव व्हती ना. आता उतरतंय, दुपारी परत चढंल." मग सबनिसांकडे वळून म्हणाल्या, "बादली कशाला आनलीस रं? मीठ पिकवतंस का?"

सबनीस सेक्शन ऑफिसर होते. त्यांना एकेरीत बोलायची सवय होती, ऐकायची नव्हती. ते बादली घेऊन घरी गेले, त्यांच्यामागे ती पाचसहा जणांची समितीही.

"पण माती काळी आहे," मी पुस्तकाच्या वतीने म्हणालो.

"चिखल हाय तो खाडीचा. आमची खाजनं व्हती हितं, खाडीकाठची शेतं. खारं पानी अडवायला बांध व्हता, भात व्हायचा. तुमची घरं आली, बांध गेला." हे त्या पावसापाण्याची चौकशी करावी तसं बोलल्या. मग त्यांचं लक्ष अरुणाच्या मांडीकडे गेलं. "झार कुठं लावतंस, पोरी?"

अरुणाने खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"मरंल."

अरुणाने गोणपाट तेवढं जवळ ओढलं.

"खाली कशाला जातंस? वर लाव ना. ढीग कर कमरेएवढा आनि त्याच्यावर लाव. गोडी माती माझ्या परसात हाय." मग माझ्याकडे बघून, "हा येईल ना पाटी घेऊन?"

हा गेला. बँकेची पँट घालून, डोक्यावर मातीची पाटी घेऊन हा शिरवणे ते सेक्टर अशा चार फेऱ्या करून आला. शेवटच्या पाटीत शेळ्यांच्या लेंड्या होत्या. सबनीस खिडकीतून बघत होते, पण कॅल्शियमबद्दल काही बोलले नाहीत.

खड्डा आम्ही विटांच्या तुकड्यांनी आणि मुरमाने बुजवला. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून एका कोपऱ्यात हातभर भोक ठेवलं, पाणी कुठवर येतं ते बघायला. वर मुरमाचाच ढीग रचला, त्याच्या माथ्यावर गोडी माती घातली आणि बाराच्या आत झाड चढवलं. घरातल्या कुणालाच एवढी उंच जागा मिळाली नव्हती.

अरुणाने जेवणाचं ताट मागच्या दारी आणलं आणि भोकाशेजारी बसून जेवली. एकच्या सुमारास तळाशी पाणी चमकलं. ते चढत गेलं. मुळांच्या खाली दीड हातावर थांबलं, बराच वेळ तिथेच राहिलं आणि उतरू लागलं. तेव्हा कुठे तिने ताक मागितलं.

पुढच्या आठवड्यात सगळी पानं गळाली. अरुणा रोज सकाळी त्या काडीला पाणी घालायची. मी तिकडे न बघता ऑफिसला जायचो. पुस्तक मी सबनिसांना दिलं.

होळीच्या दिवशी काडीच्या बगलेत तांबूस कोंब दिसले. चैत्र संपेपर्यंत पानं पसरली, आणि एका सकाळी शेळ्या बाहेर ठेवून मुक्ताबाई आत आल्या. झाड बघितलं, ढिगाला पायाने दाबून बघितलं, आणि कुणाला न विचारता शेंड्याची अख्खी डहाळी मोडून घेतली.

मी अरुणाकडे बघितलं.

"शेंडा मोडला का फांद्या फुटतात," मुक्ताबाई म्हणाल्या.

"ती खालचीपण घ्या," अरुणा म्हणाली. "आणि बसा, चहा टाकते."