तिच्या हाताची मूठ

सन १९९१. हिवाळा सरत आला होता. त्या दिवसांत मला या नेमबाजी केंद्रात आणलं.

मी हवेवर चालणारं पिस्तूल बोलतोय. माझ्यात दारू नाही, मोठा आवाज नाही. दांडा ओढून हवा भरायची, एक छर्रा घालायचा, समोरच्या कागदाला भोक पाडायचं. काम एवढंच. पण ते मी चोख केलं.

मी नवशिक्यांसाठी होतो. शिकवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. नवीन माणूस आला की चकचकीत पिस्तुलाकडे हात घाली. मामा तो हात बाजूला सारत. "नवरी बघायला आलास काय? डोळे मिट. पिस्तूल धरून हात उचल. आता डोळे उघड. नेम सरळ दिसला तर ते तुझं. नाही दिसला तर ठेव खाली."

माझी मूठ साध्या लाकडाची, बऱ्याच हातांत बसणारी. लोक माझ्यावर शिकत, मग स्वतःचं पिस्तूल घेत आणि माझ्याकडे वळूनही बघत नसत. मला त्याचं काही वाटत नसे. शिकवणाऱ्याच्या नशिबी तेच असतं.

मग ती आली. पावाच्या भट्टीवर कामाला होती. बाहीवर पीठ, तळहात लहान. बोट चापापर्यंत पुरेना. स्वतःचं पिस्तूल घेण्याची ऐपत नव्हती, आणि निवड स्पर्धा तोंडावर आलेली. एका दुपारी कोणी नसताना तिनं कानस घेतली आणि माझी मूठ आपल्या हाताजोगी कोरली.

मामा भडकले. "कुणाला विचारून? आता हे दुसऱ्या कुणाच्या हातात बसेल का?"

"नाही बसणार," ती खाली मान घालून म्हणाली. "चुकलं मामा. स्पर्धा झाली की मूठ पुन्हा भरून देईन. माझ्या हातानं."

"शब्द?"

"शब्द."

खरं सांगतो, तिच्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नाही. मी हातात आहे हे तिला कळत नसे आणि ती मला धरून आहे हे मला कळत नसे. तिची निवड झाली. तिला दुसऱ्या गावी पाठवलं, तिथं नवं पिस्तूल दिलं. ती घाईत गेली. मूठ तशीच राहिली.

त्यानंतर ज्यानं ज्यानं मला उचललं त्यानं "टोचतंय" म्हणून खाली ठेवलं. केंद्रातले लोक म्हणाले, "मामा, तुम्हीच खाचांत थोडी लांबी लिंपून टाका की. तासाभराचं काम."

"तिनं शब्द दिलाय. मी हात लावणार नाही."

माणूस हट्टी. मला कपाटात ठेवलं. दाराच्या फटीतून छर्ऱ्यांचे आवाज येत. नव्या पिस्तुलांची हवा आधीच नळकांडीत भरलेली असते, त्यांना दांडा ओढावा लागत नाही. मामा अधूनमधून येत, तेलाचा थेंब टाकत, मुठीतल्या तिच्या बोटांच्या खाचा पुसत आणि दार लावत. वर्षं गेली. मामांचा हात कापू लागला, तेल सांडू लागलं. मी गयावया करणाऱ्यांतला नाही. वाट बघितली, एवढंच.

परवा दार उघडलं. ती होती. केस पिकलेले. हातात लांबीचा डबा, कानस, काचपेपर.

"उशीर केलास," मामा खुर्चीतूनच म्हणाले.

"तोंड दाखवायची लाज वाटली, मामा."

"लाज ठेव बाजूला. कामाला लाग."

तिनं एकेक खाच भरली. अंगठ्याची. करंगळीची. लांबी सुकेपर्यंत शेजारी बसून राहिली. मग घासलं, गुळगुळीत केलं. मला बोलता आलं असतं तर एक खाच तरी राहू दे म्हणालो असतो. कदाचित नसतोही म्हणालो.

"बघ धरून," मामा म्हणाले.

तिनं डोळे मिटले. मला धरून हात उचलला. डोळे उघडले. नेम पार एका बाजूला गेला होता. बोट चापापर्यंत पोचत नव्हतं.

"नाही बसत," ती म्हणाली.

मामांनी मान डोलावली. "मग देणं फिटलं."