अ‍ॅसिडने खाल्लेला सदरा

मंत्रिमंडळात त्याला पाठीमागे 'टॉवरवाला' म्हणत. गावोगाव मोबाइलचे टॉवर उभारून तो गडगंज झाला, मग दळणवळण मंत्री झाला, आणि आता सरकारचा दूत म्हणून बंडखोरांनी बळकावलेल्या शाळेत, फळ्यासमोरच्या टेबलापाशी बसला होता. समोर बंडखोरांचा म्होरक्या. कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवलेला दूताचा मेव्हणा, दूताच्याच जुन्या कंपनीतला अभियंता. टॉवरच्या दुरुस्तीला आला असताना उचललेला. त्याची बोटं ठेचलेली होती, एक डोळा सुजून मिटला होता. निघताना बायको एवढंच म्हणाली होती, "करार फिसकटला तरी चालेल. माझ्या भावाला घेतल्याशिवाय तोंड दाखवू नका."

म्होरक्याने एक फोन टेबलावर उताणा ठेवला.

"मंत्री असताना तुम्ही या खोऱ्यातलं नेटवर्क बंद केलंत, आणि मागोमाग फौज आली. माझा थोरला भाऊ त्यात गेला. म्हणून आज सरळ बोलतो. या फोनवर रेंज आहे तोवर हा जिवंत."

"मान्य," दूत म्हणाला. आज टॉवरला कुणी हात लावणार नाही, असा शब्द त्याने सेनापतीकडून घेतला होता.

बोलणी रखडत सरकू लागली. एका धिप्पाड पहारेकऱ्याने मेव्हण्याच्या फुटक्या ओठांना पेला लावला. "हळू पी रे, ठसका लागेल."

"भावोजी," मेव्हणा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या कंपनीत इतकी विचारपूस कधी झाली नाही."

दूताला हसू फुटणार, तोच डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला आणि फोनवरची रेंज गेली.

म्होरक्या उठला. बंदुकीचा दस्ता दूताच्या जबड्यावर बसला. दात रक्तासकट टेबलावर सांडले. लगेच गोळी सुटली. मेव्हण्याच्या पोटरीच्या चिंधड्या झाल्या आणि तो गुरासारखा हंबरला. बाहेर माणसं भिंतीआड धावली. तापलेली नळी आता मेव्हण्याच्या कानशिलावर होती.

"फौज नाही!" दूत रक्त थुंकत ओरडला. "वीज गेली आहे, फक्त वीज! ती गेली की टॉवर बॅटऱ्यांवर चालतो."

"मग चालत का नाही?"

बिघाड शोधण्याची जुनी सवय जबड्याच्या कळांवरही मात करून गेली. पंखा बंद होता, पण फळ्यावरचा दिवा जळत होता. दिव्याच्या तारेचा माग काढत तो धडपडत कपाटापर्यंत गेला आणि कपाट ओढलं. मागे काळ्या, जडशीळ बॅटऱ्या होत्या; त्यांच्यावर त्याच्याच कंपनीचा छाप.

"कारण त्या इथे आहेत."

म्होरक्याचा चेहरा दगडासारखा झाला. "आपली माणसं त्याच टॉवरवरून बोलतात. त्याला हात लावायचा नाही, हा माझा हुकूम होता. कुणी आणल्या?"

म्होरक्याने नळी मेव्हण्याच्या कानशिलात रुतवली. "तुला तिथूनच उचललं. तू पाहिलं असशील."

"डोळ्यांवर पट्टी होती," मेव्हणा म्हणाला.

"खोटं बोललास तर हे शेवटचं."

दूताची नजर त्या धिप्पाड पहारेकऱ्याच्या सदऱ्यावर गेली. पोटावर कसर लागल्यासारखी भोकं पडली होती, कडा पिवळसर आणि विरलेल्या. बॅटरी पोटाशी कवटाळून उतारावरून आणली की अ‍ॅसिड असंच सांडतं. पहिला टॉवर उभारताना दूताने स्वतः असे किती सदरे फेकले होते! मेव्हण्याने त्याची नजर ओळखली.

"भावोजी, नको. पाया पडतो."

दूताने बोट उचललं.

पहारेकऱ्याच्या हातात अजून पेला होता. "जखमींना टाके घालायला उजेड नव्हता, दादा," तो म्होरक्याला म्हणाला. "म्हणून—"

गोळी गळ्यातून आरपार गेली. तो फळ्याला घासत खाली बसला, आणि फळ्यावर रुंद लाल पट्टा उमटला. काही वेळ त्याच्या टाचा फरशीवर आपटत राहिल्या. मग त्याही थांबल्या.

वीज आली. पंखा फिरू लागला, फोनवर रेंज उमटली. म्होरक्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि दूताकडे न पाहता म्हणाला, "घेऊन जा तुमचं माणूस."

गाडीत दूताने रुमाल काढून मेव्हण्याच्या पायाला बांधायला घेतला. मेव्हण्याने त्याचा हात झटकला आणि ठेचलेल्या बोटांनी स्वतःच गाठ मारू लागला. गाठ काही बसेना.

"ताईला काय सांगणार?"

"तुला आणलं, एवढंच."

"आणि त्याच्या घरी कोण सांगणार?"

दूताने तोंडातलं रक्त गिळलं.