मी सिमेंट मागितलं नव्हतं

मार्चमधल्या शनिवारी सकाळी सात वाजता माझा मधला भाग कोसळला. दगड फुटपाथवर पसरले. कुणाला लागलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी दगडी भिंत आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनजवळच्या एका लहानशा गावात उभी आहे. नुसती भिंत म्हणून मला हिणवू नका. माझ्यामागचं चुनखडी दगडाचं घर आणि मी, दोघंही गावाच्या संरक्षित वारशात मोडतो. वारसा समितीला विचारल्याशिवाय आमचा एक दगडही हलवता येत नाही.

शेत नांगरताना निघालेल्या दगडांतून शेतकऱ्यांनी मला रचलं. चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर टेकवलेला, माथ्यावर उभ्या दगडांची रांग. पावसाचं पाणी माझ्या फटींतून वाहून जायचं. थंडीत जमीन फुगली की मी जराशी उचलली जायची, वसंतात पुन्हा जागेवर बसायची. घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या. मी तिथेच. लोक थांबून माझे फोटो काढत.

मग हे घर गिरीश आणि कांचन या जोडप्याने घेतलं. दोघं पुण्याचे, नोकऱ्या जवळच्या कोलंबस शहरात. आल्या आल्या गिरीशने माझ्या फटीत बोट घातलं.

"कांचन, यात सिमेंटच नाहीये! नुसती रचून ठेवलीय. एकदम कच्चं काम, यार."

"समितीला विचारायला नको?"

"पाडतोय थोडीच? पक्की करतोय."

एका वीकेंडला त्याने माझ्या मधल्या भागातल्या सगळ्या फटी बुजवल्या आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. पुण्याहून शाबासकीही आली. त्याने ते प्रेमाने केलं, हे मला मान्य आहे. पण पाण्याची वाट बंद झाली. हिवाळ्यात ते आतच गोठलं, माझं पोट फुगलं आणि बर्फ वितळताच मी ढासळले. जिथे सिमेंट होतं, नेमकी तिथेच. माझी दोन्ही टोकं जशीच्या तशी उभी आहेत. येऊन बघा!

आता गिरीशने समितीकडे अर्ज केलाय. उरलेली भिंत पाडून त्याला ड्राइव्हवे रुंद करायचाय.

"डेंजरस आहे ती," तो म्हणाला.

"डेंजरस तुझं सिमेंट होतं," कांचन म्हणाली. "फोटो टाकलास ना? आता हाही टाक."

"अगं, पण परत रचणार कोण?"

"आपण. आधी शिकून."

मित्रांनो, मी जुनी आहे, दुबळी नाही. मला दया नको. सांभाळायचं असेल, तर मी कशी उभी आहे ते आधी समजून घ्या, मग हात लावा.

कांचन रोज ऑफिसनंतर छिन्नीने दगडांवरचं सिमेंट काढते. काल गिरीश तिच्या शेजारी येऊन बसला. एक दगड साफ करून त्याने माझ्या तुटक्या टोकावर ठेवला. दगड डुगडुगला. त्याने तो फिरवून पाहिला. बसला.

समितीची बैठक बुधवारी आहे. मला पाडण्याचा अर्ज त्याने अजून मागे घेतलेला नाही.