चार नंबरची घोडी

सटवाजी माझा धाकटा भाऊ. आमच्या आबांनी माळेगावच्या जत्रेत जन्मभर घोडी विकली आणि घोडं पारखायची नजर आम्हां दोघांनाही दिली. मी देगलूरला नांदायला गेले, माझी नजर तशीच पडून राहिली. सटवाजीकडे मात्र अजून चंद्री होती, घरातली शेवटची घोडी.

यंदा जत्रेत भेटला तर तो एका जागी बसेना. सारखा मोबाइल काढायचा. त्यात कंप्युटरनं बनवलेल्या घोड्यांची शर्यत, पैसे लावायचे, दोन मिनिटांत निकाल. भावजयीच्या पाटल्या त्यातच गेल्या होत्या. आता चंद्री विकायला आणली होती.

"आक्का, ही चार नंबरची बघ," तो म्हणाला. "सकाळपासून हरून राहिली. दम राखून पळते. आता सुटली की कुणाला ऐकत न्हाई."

घोडी खोटी आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी पारख खऱ्या घोडीसारखी करायचा. शब्दही आबांचेच होते.

हदगावचं गिऱ्हाईक आलं. रीतीप्रमाणे दोघांनी हातांवर टॉवेल टाकला आणि आत बोटं धरून भाव सुरू झाला. मोबाइल सटवाजीनं माझ्याकडे दिला होता. मी बघत राहिले. शर्यत संपली की लगेच चार नंबर पुन्हा रांगेत, मान ताठ. पुन्हा संपली, पुन्हा उभी.

दौड करून आलेल्या घोडीला आबा घाम वाळेपर्यंत फिरवायचे. तोवर स्वतः चहा घ्यायचे नाहीत.

"सटवाजी, हिला फिरवतं कोण?"

"कुणाला?"

"तुझ्या चार नंबरला. माझ्यासमोर पाचदा पळाली. घाम न्हाई, तोंडाला फेस न्हाई. आबांनी हिच्यावर आठ आणे तरी लावले असते का?"

गिऱ्हाईक हसलं. टॉवेल हलायचा थांबला. सटवाजीनं माझ्या हातातल्या मोबाइलवर एक अख्खी शर्यत पाहिली, घोडीचे दात तपासावेत तशी. मग हात बाहेर काढला.

"न्हाई द्यायची," तो म्हणाला.

लगाम धरून तो चंद्रीला फिरवू लागला. ती सकाळपासून जागची हलली नव्हती. फिरायची गरज त्यालाच होती. मोकळा हात सारखा खिशाकडे जायचा. मोबाइल माझ्या पिशवीत थरथरत होता, आणि प्रत्येक फेरीला मी मान वर करून बघत होते, लगाम त्याच्या हातात आहे ना.