दारातला ग्यानोबा

“दारात ग्यानोबा उभा आहे. त्याला आत घे,” खाटेवर पडलेल्या सिस्टर ज्योत्स्ना म्हणाल्या.

हुसेनबीने वळून पाहिलं. भर दुपार होती. दारात कुणीच नव्हतं.

किनवटच्या मिशन दवाखान्यात आया म्हणून तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. कितीतरी मरणाऱ्यांच्या उशाशी ती सिस्टरांसोबत बसली होती. ग्यानोबाही याच खोलीत गेला, बारा वर्षांपूर्वी. जंगलात मध काढणारा माणूस, झाडावरून पडलेला. सिस्टरांनी त्याला बाप्तिस्म्याचं विचारलं, तेव्हा तो एवढंच बोलला, “न्हाई बाई. माझा देव मला वळखतो.”

त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. चर्चबाहेर तारण नाही, हे त्यांनी लहानपणी पाठ केलेलं. फादरांनी समजावलं, “ज्याला ख्रिस्त कळलाच नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो, त्यालाही देव तारू शकतो. हेही चर्चच शिकवतं.” सिस्टरांनी मान डोलवली; पण ग्यानोबासाठी मेणबत्ती लावणं काही थांबवलं नाही. हुसेनबीने एकदा विचारलं होतं, “आन् माझं काय हो, सिस्टर?” त्यांनी मेणबत्तीची वात नीट केली होती.

आता त्यांचा श्वास अडखळत होता. फादर नांदेडहून निघाले होते.

“तिथं कुणी न्हाई, सिस्टर.”

“आहे. त्याला विचार, मला आत घेतील का?”

जन्मभर प्रार्थना केलेली ही बाई, आणि हिला ही धास्ती! हुसेनबी उठून दाराशी गेली. “ग्यानोबा, आमच्या सिस्टरला घेतेत का आत?” रिकाम्या उंबऱ्याला तिने विचारलं. आपणच वळून होय म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं.

ती वळायच्या आत आवाज आला, “हाव.”

घोगरा, दमलेला आवाज. खोलीत मोहोळाला दिलेल्या धुराचा वास पसरला.

सिस्टरांचा चेहरा सैल झाला. “तुझंही विचारून घे ना,” त्या पुटपुटल्या.

हुसेनबी परत येऊन त्यांचा हात धरून बसली. “माझं मी इचारीन. तुमी जावा.”

फादर पोचले तेव्हा हात गार पडला होता. ते प्रार्थनेला उभे राहिले. हुसेनबी पदर सावरून बाहेर निघाली. दार चांगलं रुंद होतं, तरी उंबऱ्यापाशी ती थबकली आणि अंग चोरून, भिंतीला लागून गेली.