दिसेनासा केलेला माणूस

फोटो दुरुस्तीच्या धंद्यात सगळे त्याला 'दुर्बीण' म्हणत. नजर तशी तेज, आणि तोराही तसाच. त्यामुळे अल्बम छापणाऱ्याने फोन करून "अहो, तुमच्या फोटोंतल्या सावल्यांमध्ये डाग दिसतात. मॉनिटर तपासा जरा," असं सुनावलं, तेव्हा दुर्बिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र उसनं आणून त्याने स्क्रीनवर लटकवलं, ते केवळ त्या माणसाचं तोंड बंद करायला.

काळ्यापासून करड्यापर्यंतचे वीस चौकोन समोर आले. त्यातले पहिले सहा त्याला एकसारखेच काळेकुट्ट दिसले. ब्लॅक पॉइंट, म्हणजे स्क्रीनचा काळा रंग कुठे संपतो ती खूण, त्यानेच कधीकाळी नको तितकी वर चढवून ठेवली होती. काळं कसं काजळासारखं हवं, हा त्याचा हट्ट. यंत्राने सांगितलं तशी त्याने ती खाली आणली, आणि सहाच्या सहा चौकोन सुटे झाले.

"हात्तिच्या!" म्हणत त्याने खात्री करायला स्वतःचं सगळ्यात कसबी काम उघडलं. धाकट्या बहिणीचा बाबांसोबतचा फोटो.

उघडला मात्र, आणि तो खुर्चीतच थिजला.

दोघांच्या मागे, दारात, बहिणीचा नवरा उभा होता. तिला मारणारा. त्याला सोडून ती दोन वर्षांपूर्वी निघाली होती. "बाबांबरोबरचा एवढा एकच फोटो आहे रे दादा, यातून त्याला काढ," म्हणाली होती. मागे अंधारच होता, म्हणून दुर्बिणीने त्याला काळा करत करत दिसेनासा केला होता. तो दिसेनासा झाला फक्त याच स्क्रीनवर. आता तो मिशांसकट, कमरेवर हात ठेवून उभा होता.

दुर्बिणीने बहिणीला फोन लावला. दोन वर्षांत ती घरी फिरकली नव्हती, बोलायची तेही हो-नाहीपुरतं. कामात असेल, असं तो धरून चालला होता.

"अगं, त्या फोटोत... तो अजून आहे!"

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तूच म्हणाला होतास ना, जरा जुळवून घे, परत जा. मला वाटलं, मुद्दाम ठेवलास."

"शपथ घेतो," तो कसाबसा म्हणाला, "मला दिसलाच नाही गं."

"असेल," ती म्हणाली. "माझ्या अंगावरचे वळ तरी तुला कुठे दिसले होते, दादा?"